१०० किलोवॅटचा इन्व्हर्टर नेमका कुठं बसवायचा : बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवरचं सोलर, प्लॅनिंगच्या नोंदी

१२ ऑगस्ट २०२४

अण्णांनी शेवटी सोलरचं फायनल केलं. तासगाव भागातलं आपलं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, ११ केव्ही लाईन, स्वतःचा ३१५ केव्हीए ट्रान्सफॉर्मर, कॉन्ट्रॅक्ट डिमांड २२० केव्हीए. सोलर १०० किलोवॅट एसी. पॅनल कुठले, रेट काय हे सगळं अण्णा आणि व्हेंडर बघतायत, मला सांगितलंय की इलेक्ट्रिकलचं तू बघ, कारण नंतर ट्रिप झालं की फोन मलाच येणार आहे. म्हणून आत्तापासून लिहून ठेवतोय.

व्हेंडरचं ड्रॉइंग आलं एका पानाचं. छप्पर, त्यावर पॅनल, त्यातून एक रेघ इन्व्हर्टरला (पॅनलची डीसी वीज एसी करणारं यंत्र) आणि इन्व्हर्टरमधून एक रेघ "मेन पॅनल" असं लिहिलेल्या चौकोनाला. जनरेटर दाखवलेलाच नाही, चेंजओव्हर (लाईनवरून जनरेटरवर जायचा स्विच) नाही, एपीएफसी (पॉवर फॅक्टर आपोआप सांभाळणारं कपॅसिटरचं पॅनल) नाही. म्हणजे आपल्या प्लँटमधलं जे जे त्रास देणारं आहे तेवढं नेमकं वगळलंय.

१४ ऑगस्ट

आधी स्ट्रिंगचं, म्हणजे सिरीजमधे जोडलेल्या पॅनलच्या माळेचं, गणित. ५४० वॅटचे पॅनल, व्हीओसी (काही न जोडता येणारं व्होल्टेज) ४९.५ व्होल्ट, आयएससी (शॉर्ट केल्यावरचा करंट) १३.८५ अँपिअर, चालू असताना साधारण ४१.६ व्होल्ट आणि १३ अँपिअर. इन्व्हर्टरची डीसी मर्यादा ११०० व्होल्ट, एमपीपीटी (स्ट्रिंगमधून जास्तीत जास्त पॉवर काढणारे भाग) १०, प्रत्येकाला दोन इनपुट.

व्हेंडरने २० पॅनलच्या ११ स्ट्रिंग दाखवल्यात, एकूण २२०. व्होल्टेजने बसतं. थंडीत व्होल्टेज वाढतं, साधारण दर डिग्रीला ०.२७ टक्के, मी हिशोबाला ५ डिग्री धरले, म्हणजे २५ पेक्षा २० ने कमी, ५.४ टक्के वाढ, ९९० चे १०४३ होतात, ११०० च्या आत आहे. पण आपलं छप्पर मधे उंच आणि दोन्हीकडं उतार, एक पूर्वेला एक पश्चिमेला. २२० चे निम्मे ११० एका बाजूला, आणि ११० ला २० ने भागलं की साडेपाच. म्हणजे एक स्ट्रिंग अर्धी पूर्वेला अर्धी पश्चिमेला जाणार! सकाळी अर्ध्या पॅनलवर ऊन, अर्ध्यावर तिरपं, आणि सिरीजमधे असल्यामुळं कमी करंटवाला भाग सगळ्या स्ट्रिंगला मागं ओढणार. ड्रॉइंग कॉम्प्युटरवर काढलंय, छपरावर कुणी चढलेलं नाही हे यातनं कळतं.

मी १८ च्या १२ स्ट्रिंग केल्या. पूर्वेला ६, पश्चिमेला ६, एकूण २१६ पॅनल, ११६.६४ किलोवॅट. थंडीत ९३९ व्होल्ट, उन्हाळ्यात पॅनल ७० डिग्रीला गेलं तरी ६३० च्या आसपास राहतंय, दोन्हीकडं मोकळी जागा आहे. १० एमपीपीटीपैकी ५ पूर्वेला ५ पश्चिमेला, प्रत्येकी चारांवर एकेक स्ट्रिंग आणि पाचव्यावर दोन.

डीसी बॉक्समधे त्यांनी प्रत्येक स्ट्रिंगला फ्यूज दिलेत ते काढायला सांगितले. एका एमपीपीटीवर जास्तीत जास्त दोनच स्ट्रिंग, त्यातली एक शॉर्ट झाली तर दुसरीकडून येऊन येऊन १४ अँपिअर येणार, पॅनल २५ अँपिअर फ्यूज रेटिंगचं आहे. मग फ्यूज वाचवणार कुणाला. उलट २४ होल्डर, ४८ टर्मिनल, तेवढीच ढिली व्हायची ठिकाणं वाढली. आयसोलेटर (हातानं लाईन तोडायचा स्विच) आणि एसपीडी (व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवणारं) ठेवले.

१९ ऑगस्ट

आज जागा बघत फिरलो, व्हेंडरचा पोरगा बरोबर होता. तीन पर्याय निघाले.

पहिला त्याचा, कॉम्प्रेसर हॉलच्या आत, म्हणाला सावली आहे, भिंत आहे, हॉलमधे इलेक्ट्रिक पॅनल पण आहेच. मी काही बोलायच्या आत आमचे ऑपरेटर मामाच बोलले, "अरं बाबा हितं तांब्याची वस्तू टिकत नाही." आणि खरंच आहे ते, अमोनिया आणि तांबं-पितळ यांचं कधी जमत नाही, म्हणून तर अमोनियाची लाईन सगळी लोखंडी असते. गळती थोडी असली तरी ओलसर हवेत तांब्याचे लग (केबलच्या टोकाला दाबून बसवतात ते) हिरवे पडतात, आणि इन्व्हर्टर तर पंख्यानं हवा ओढत असतो दिवसभर. बॉडी आयपी ६६ (धूळ-पाणी आत न घेणारी) आहे म्हणून आतलं इलेक्ट्रॉनिक्स वाचेल म्हणा पण टर्मिनल बॉक्स आपण उघडणार, एमसी४ (डीसी केबलचे कनेक्टर) बाहेर, पंखे बाहेर. नाही म्हणजे नाही.

दुसरा, शेडच्या पश्चिमेच्या भिंतीवर पॅनलच्या लगेच खाली. डीसी केबल एकदम छोटी, पण तिथून मेन पॅनल रूम ८५ मीटर. वर दुपारी दोननंतर थेट ऊन, आणि ती भिंत पफ पॅनलची. ९० किलोचं धूड पफच्या पत्र्यावर लटकवणार कसं, वेगळं स्ट्रक्चर उभं करावं लागेल.

तिसरा, पॅनल रूमच्या बाहेरच्या भिंतीवर. विटांची भिंत, एसी केबल जवळपास शून्य. पण मग १२ स्ट्रिंगच्या २४ डीसी केबल ८५ मीटर आणायच्या, आणि येणार कुठून तर चेंबरच्या पफ भिंतीला धरून. ७५० व्होल्ट डीसी, दिवसा बंदच होत नाही कारण ऊन बंद करता येत नाही, आणि पफ म्हणजे आतनं पॉलियुरेथेनचा फोम. डीसीचा आर्क एसीसारखा स्वतःहून विझत नाही, एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, डीसी येतच नाही. उंदरानं एक केबल कुरतडली तर काय होईल ते मला बघायचं नाही.

२१ ऑगस्ट

रात्री बसून दोन्हीचे आकडे काढले.

पश्चिम भिंत : ८५ मीटर एसी, फुल लोडला १४५ अँपिअर. ॲल्युमिनियम आर्मर्ड १२० स्क्वेअर घेतली तर गरम केबलचा रेझिस्टन्स ०.३२५ ओहम प्रति किलोमीटर, ड्रॉप साधारण ७ व्होल्ट. १८५ स्क्वेअरला साडेचार. करंट वाहायच्या हिशोबानं ९५ सुद्धा चाललं असतं, व्हेंडरने तेच धरलं होतं.

पॅनल रूम : ८५ मीटर डीसी, जाऊन येऊन १७०. ४ स्क्वेअर कॉपरला ५.०९ ओहम प्रति किलोमीटर, म्हणजे ११ व्होल्ट, ७४९ व्होल्टच्या दीड टक्का. ६ स्क्वेअरला १ टक्का.

म्हणजे लॉस दोन्हीकडं सारखाच म्हणायचा, युनिटच्या हिशोबानं निर्णय होत नाही. पण एसीचा तो ड्रॉप आपल्या केसमधे ड्रॉप नाहीच, करंट इन्व्हर्टरकडून ट्रान्सफॉर्मरकडं वाहतोय म्हणजे इन्व्हर्टरच्या टोकाला तेवढं व्होल्टेज जास्त दिसणार. पॅनल रूममधे ४३० असेल तर १२० स्क्वेअरवर इन्व्हर्टरला ४३७ दिसेल. आणि आपल्या ट्रान्सफॉर्मरची नेमप्लेटच ११ केव्ही / ४३३ आहे. उद्यापासून व्होल्टेज लॉग करायला मीटर लावतोय.

१ सप्टेंबर, रविवार

व्होल्टेजचा लॉग काढला. कॉम्प्रेसर दोन्ही चालू असताना दुपारी ४१८ ते ४२४. एकच कॉम्प्रेसर असला की ४२८ ते ४३२. पहाटे ४४१ पर्यंत गेलंय, पहाटेचं सोडा तेव्हा सोलर नसतं, पण नोव्हेंबरनंतर बेदाणा निघून चेंबर रिकामी व्हायला लागतात तेव्हा भर दुपारी पण लोड ५०-६० किलोवॅटवर असतो, वर सोलर ८०-८५ करत असेल, म्हणजे २५-३० किलोवॅट उलटं ग्रिडला. तेव्हा दुपारी पण ४३५ च्या वर बघायला मिळणार.

आता गंमत. इन्व्हर्टरमधे नॉमिनल ४०० धरलेलं असलं तर १० टक्के वर म्हणजे ४४० ला तो ग्रिडपासून सुटतो. ४१५ धरून १० टक्के म्हणजे ४५६. सीईएच्या (केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या) २०१३ च्या रेग्युलेशनमधे नॉमिनलच्या ८० ते ११० टक्क्यांच्या बाहेर गेलं की २ सेकंदात सुटायचं असं आहे. म्हणजे कमिशनिंगला आलेला पोरगा मेनूतनं कुठला ग्रिड कोड निवडतो त्यावर आपलं हिवाळ्यातलं दुपारचं जनरेशन अवलंबून. या भागात बऱ्याच फॅक्टऱ्यांत "इन्व्हर्टर बोगस आहे सारखा ट्रिप होतो" अशी तक्रार ऐकलीय, त्यातल्या निम्म्या ठिकाणी तरी हेच असणार असं माझं मत.

उपाय दोन्ही लिहून ठेवतो. कमिशनिंगला भारताचा ग्रिड कोड आणि ४१५ नॉमिनल आहे का ते स्क्रीनवर माझ्यासमोर बघायचं. आणि ट्रान्सफॉर्मरचा टॅप (वाइंडिंगचे वेढे कमी-जास्त करून व्होल्टेज बदलणारा) एक घर बदलायचा, अडीच टक्के, म्हणजे ११ व्होल्ट खाली येईल. टॅप ऑफ सर्किट आहे, चालू लाईनवर हात लावायचा नाही, शटडाऊन घेऊनच. एप्रिलमधे दोन्ही कॉम्प्रेसर सुरू होताना ४०० च्या खाली जायला नको, ते पण बघावं लागेल, पण ४१८ मधून ११ गेले तरी ४०७ राहतात.

३ सप्टेंबर

जागा मिळाली! जुनी वजनकाट्याची केबिन. काटा गेला रस्त्याकडं, केबिन मोकळीच आहे, विटांची, सिमेंटची भिंत, मागची बाजू उत्तरेला म्हणजे वर्षातला बराच काळ ऊन नाही, कॉम्प्रेसर हॉलपासून लांब आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला. पॅनल रूम तिथून ४० मीटर. डीसीला ४५ मीटर जास्त, पण ती कंपाउंडच्या भिंतीवरून झाकणाच्या जीआय ट्रेमधून येते, पफला कुठंच चिकटत नाही, छपरावरून खाली उतरतानाचा एक तुकडा सोडून, तिथं ट्रे भिंतीपासून स्टँडऑफवर लांब धरायचा.

४ स्क्वेअरला ४५ मीटरनं ०.८ टक्के जातात. एसी १८५ स्क्वेअर ४० मीटरला २.१ व्होल्ट. १२० ला ३.२६. मी १८५ धरलं, अण्णा म्हणाले एवढी जाड कशाला, त्यांना सांगितलं की ही केबल करंटसाठी जाड नाही, व्होल्टेजसाठी आहे, आणि ट्रेंच एकदा बुजवली की परत कोण उकरणार. हे पटलं त्यांना, उकरायचं म्हणलं की लगेच पटतं.

३.५ कोअर, आर्मर दोन्ही टोकांना अर्थ. केबल ॲल्युमिनियम आणि इन्व्हर्टरचं टर्मिनल कॉपर, म्हणून लग बायमेटॅलिक (दोन्ही धातूंचे). साधे ॲल्युमिनियमचे लग दाबून दिले तर मी बिल पास करणार नाही असं लिहून दिलंय.

१८ सप्टेंबर

गणपतीत काम थांबलं होतं. आज अण्णांशी जनरेटरवरून बोलणं. त्यांचा प्रश्न सगळे विचारतात तोच, "लाईट गेली की सोलर पण बंद? मग एवढे पैसे घालून उपयोग काय?"

बंदच होणार, व्हायलाच पाहिजे, नाहीतर महावितरणचा वायरमन लाईन बंद समजून खांबावर चढणार आणि आपण त्याला खालून करंट देणार. ते पटलं त्यांना. मग म्हणाले जनरेटरला जोड, डिझेल तरी वाचेल. इथं जरा वेळ लागला समजवायला. जनरेटर चालू असला की इन्व्हर्टरला ते ग्रिडच वाटतं, तो जोरात सुरू होतो. समजा लोड ८० किलोवॅट, सोलरनं ७० उचललं, जनरेटरवर १० उरलं, आपला २५० केव्हीएचा सेट ३० टक्क्यांच्या खाली जास्त वेळ चालवला की सायलेन्सरमधनं ऑइल यायला लागतं. आणि त्यात एक कॉम्प्रेसर ट्रिप झाला तर सोलर जास्त, लोड कमी, उरलेली पॉवर जाणार कुठं तर जनरेटरच्या अल्टरनेटरमधे, इंजिनलाच फिरवायला. कंट्रोलर मिळतो यासाठी, सोलर कमी-जास्त करणारा. पण आपली लाईट दिवसा फार जात नाही, तेवढ्यासाठी आत्ता नको. जागा सोडून ठेवू.

म्हणजे सोलर जोडायचं चेंजओव्हरच्या ग्रिडकडच्या बाजूला. जनरेटरवर गेलं की सोलर आपोआप बाजूला पडतं, कुणी विसरायचा प्रश्न नाही.

२२ सप्टेंबर

पण ग्रिडकडच्या बाजूला जोडायला जागाच नाही हो. ट्रान्सफॉर्मर, मग बाहेर ४०० अँपिअरचा एमसीसीबी (मोठा ब्रेकर), तिथून केबल थेट चेंजओव्हरच्या टर्मिनलवर, चेंजओव्हरनंतर बसबार (सगळे फीडर जिथून निघतात त्या धातूच्या पट्ट्या). व्हेंडर म्हणाला चेंजओव्हरच्या टर्मिनलवरच दुसरं लग घालू, एका बोल्टवर दोन लग. त्याला चहा पाजून पाठवला.

बसबारवरचा स्पेअर २०० अँपिअर फीडर वापरू असं पण सुचवलं होतं त्यानं. तिथं दोन भानगडी, एक तर ते जनरेटरच्या बाजूला येतं, दुसरं म्हणजे बसबार ४०० चा आहे. आज ग्रिडचा ४०० चा ब्रेकर त्याला राखतो. सोलर त्याच बसबारवर आलं तर ग्रिडकडून ४०० आणि सोलरकडून १६०, मिळून ५६० अँपिअर लोडला मिळू शकतात आणि एकही ब्रेकर पडणार नाही, कारण प्रत्येक ब्रेकर आपापल्या हद्दीतच आहे. बसबार मात्र तापणार.

म्हणून मधे एक नवीन छोटं पॅनल. ६३० अँपिअर बसबार, ट्रान्सफॉर्मरकडून इनकमर, एक आउटगोइंग ४०० अँपिअरचं जुन्या चेंजओव्हरला, एक २०० अँपिअरचं सोलरला, एक रिकामं. जुन्या बसबारकडं आता ४०० पेक्षा जास्त जाऊच शकत नाही. शॉर्ट सर्किटचा हिशोब : ३१५ केव्हीएचा फुल लोड ४२० अँपिअर, इम्पिडन्स साडेचार टक्के धरला तर साडेनऊ किलोअँपिअरच्या आत, २५ केएचे एमसीसीबी भरपूर झाले. ५० केएचे कोट केले होते.

खर्च वाढला. अण्णा दोन दिवस बोलले नाहीत नीट. पण सोलरमधे लोक पॅनलच्या वॅटला दहा पैसे कमी करायला आठवडा घालवतात आणि जिथं ते प्लँटला जोडायचं तिथं एका बोल्टवर दोन लग, हे मला काय पटत नाही.

१३ ऑक्टोबर

काल दसरा. परवा खंडेनवमीला मामांनी कॉम्प्रेसरबरोबर मेन पॅनलला पण हार घातला, येणाऱ्या इन्व्हर्टरसाठी केबिनच्या भिंतीला पण हळदकुंकू.

पॉवर फॅक्टरवर बसलो आज. हे कुणीच सांगत नाही. आपला दिवसाचा लोड ११० किलोवॅट, एपीएफसी तो ०.९८५ वर ठेवतो, म्हणजे १९ केव्हीएआर (मोटरींना लागणारी पण प्रत्यक्ष काम न करणारी रिॲक्टिव्ह पॉवर) अजून ग्रिडकडून येतोय, आत्ता तो ११० मधे दिसत पण नाही. सोलरनं ८० किलोवॅट उचलले, ग्रिडकडून ३० उरले, केव्हीएआर मात्र तेवढाच १९. पॉवर फॅक्टर झाला ०.८४५. बिल केव्हीएएचवर (किलोवॅट आणि केव्हीएआर मिळून होणाऱ्या केव्हीएच्या युनिटवर) आहे एप्रिल २०२० पासून, म्हणजे ३० ऐवजी साडेपस्तीसचे पैसे. प्लँट तोच, कपॅसिटर तेच, एपीएफसीच्या डिस्प्लेवर पण ०.९८ दिसत राहणार कारण त्याची सीटी (करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) जुन्या बसबारवर आहे, तिला सोलर दिसतच नाही. बिल आलं की कपॅसिटरवाल्याला शिव्या.

सीटी ट्रान्सफॉर्मरकडं हलवता येते, पण मग कंट्रोलर चार क्वाड्रंटचा (दोन्ही दिशांची पॉवर ओळखणारा) लागतो, उलटी पॉवर गेली की जुना कंट्रोलर गोंधळतो आणि सगळे कपॅसिटर आत घेतो किंवा सगळे सोडतो. दुसरा मार्ग, इन्व्हर्टरकडूनच केव्हीएआर घ्यायचा. ११० केव्हीएचा आहे, १०० किलोवॅट आणि २० केव्हीएआर मिळून १०२ होतात, बसतं आरामात. फिक्स २० लावून ठेवायचं नाही, लोड कमी झाला की लीड होणार (केव्हीएआर उलटा ग्रिडकडं जाणार) आणि लीड पण बिलात धरतात. नवीन पॅनलच्या इनकमरवर मीटर, त्याची आरएस४८५ (डेटाची लाईन) इन्व्हर्टरपर्यंत, आणि तो बघून इन्व्हर्टर कमी-जास्त करेल. एपीएफसीला हातच लावायचा नाही. ४० मीटर ट्रेंच आहेच, त्यात कम्युनिकेशनची केबल वेगळ्या पाईपमधून, पॉवर केबलला चिकटवून नाही.

१६ ऑक्टोबर

अर्थिंग. पॅनल-स्ट्रक्चर, इन्व्हर्टर आणि एसी, आणि लाइटनिंगचे वेगळे खड्डे. केबिनच्या मागं काळी माती आहे, रीडिंग चांगलं येईल, शेडकडं मुरूम आहे तिथं खोल जावं लागेल. बॉडीचे सगळे अर्थ एकमेकांना पट्टीनं जोडायचे, नाहीतर वळवाच्या पावसात वीज जवळ पडली की दोन खड्ड्यांतलं व्होल्टेज इन्व्हर्टरच्या बॉडीतून वाट काढतं. व्हेंडरला भारीतला ईएसई अरेस्टर (लांबून वीज ओढून घेतो असं सांगतात तो) लावायचा होता, एकच दांडा आणि म्हणे सगळं शेड कव्हर. आयएस/आयईसी ६२३०५ मधे (वीज पडण्यापासून संरक्षणाचं स्टँडर्ड) त्याला जागा नाही. साधे दांडे, जास्त संख्येनं.

कंडेन्सरच्या बाजूच्या दोन ओळींवर पाण्याचे तुषार येतात, बोअरचं जड पाणी, काचेवर पांढरं पडणार. ले-आउट तिथून एक ओळ सरकवला.

२७ ऑक्टोबर

कागदपत्रं गेली. नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा) ११ केव्हीच्या बाजूला बदलणार, सोलरचा जनरेशन मीटर नवीन पॅनलमधे २००/५ सीटीवर. विद्युत निरीक्षकांकडं ड्रॉइंग जायचंय ते नवीन सिंगल लाईनचंच जाईल, जनरेटर आणि चेंजओव्हर दाखवलेलं. व्हेंडरचं एका पानाचं फाईलमधून काढून घेतलं.

एमसी४ बद्दल परत एकदा लेखी : पॅनलला ज्या मेकचा कनेक्टर आहे त्याच मेकचा जोडीचा आणायचा. "सगळे एमसी४ एकमेकांत बसतात" असं तो पोरगा म्हणतो. बसतात, खटका पण वाजतो, आणि दोन वर्षांनी तिथंच वितळतात.

९ नोव्हेंबर

दिवाळीनंतर लोड उतरलाय, शटडाऊन पुढच्या रविवारी सकाळी. चेंबर ४ डिग्रीला आहेत, दारं उघडली नाहीत तर चार-पाच तास तापमान फार चढत नाही असं मामा म्हणतात. क्रम असा ठरला : आदल्या रात्री चेंबर एक डिग्री जास्त थंड करून ठेवायची. सकाळी ११ केव्ही बंद, डिस्चार्ज रॉड (लाईनवर उरलेला चार्ज जमिनीत सोडायला), मग टॅप बदलायचा, टॅप बदलल्यावर वाइंडिंगचा रेझिस्टन्स तिन्ही फेजला सारखा येतोय का ते बघायचं, एखाद्या फेजचा टॅप अर्धवट बसला तर लगेच कळतं. तेवढ्या वेळात दुसरी टीम जुनी केबल चेंजओव्हरवरून काढून नवीन पॅनलच्या इनकमरला, आणि नवीन पॅनल ते चेंजओव्हर जोडणी. फेज सिक्वेन्स आधी मार्क करून ठेवायचा, कॉम्प्रेसर उलटा फिरला तर ऑइल पंपाचं काय होईल सांगता येत नाही. सोलरचा २०० चा ब्रेकर ऑफ करून कुलूप, किल्ली माझ्याकडं, इन्व्हर्टर अजून खोक्यात आहे.

वायरमनला सांगितलंय टॉर्क रेंच घेऊन ये, पाना नको. नाही म्हणाला माझ्याकडं. मग आपणच घ्यायचा, अण्णांच्या सहीला चिठ्ठी ठेवलीय टेबलवर.